कंपवात आणि अंगदुखी: आधी घड्याळ बघा, मग गोळी

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) माणसाचा खांदा, कंबर किंवा पोटऱ्या दुखायला लागल्या की घरात दोनच उपाय ठरलेले असतात. एक म्हणजे "वय झालं, दुखणारच" म्हणून सोडून देणं आणि दुसरा म्हणजे मेडिकलवरून दुखायची गोळी आणणं. दोन्हींत एक साधी चौकशी राहून जाते: दुखणं किती वाजता येतं, आणि कंपवाताच्या गोळीच्या वेळेशी त्याचा काही मेळ बसतो का? बाम, शेक, व्यायाम, वेदनाशामक की डॉक्टरांकडून डोसची वेळ बदलून घेणं, यातलं काय करायचं ते या उत्तरावर ठरतं.

कंपवातात मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि स्नायू पुरते सैल होत नाहीत. माणूस नुसता ओसरीवर बसलेला असला तरी मान, खांदे, कंबर, मांड्या ताणलेल्याच असतात. ब्रेक लागलेली सायकल ढकलत न्यावी तशी प्रत्येक हालचालीला जास्त ताकद लागते. त्यात चालताना हात हलत नाही, पाठ पुढं वाकते, पावलं आखूड पडतात. सांधा महिनोन्‌महिने पुरता फिरला नाही की आखडतो आणि मग दुखतो. म्हणून लेवोडोपा, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारी कंपवाताची मुख्य गोळी, नीट लागू पडली की बऱ्याच जणांचं दुखणं तिनंच हलकं होतं. नुसतं वेदनाशामक घेत राहिलं तर पोट आणि किडनी बिघडू शकते, स्नायू मात्र आखडलेलेच राहतात.

आठ दिवसांची वही

एक शाळेची वही घ्या. चार रकाने पाडा: वेळ, कंपवाताची गोळी कधी घेतली, दुखणं कुठं आणि 0 ते 10 मध्ये किती, अंग कसं आहे (मोकळं, आखडलेलं, की आपोआप वळवळतंय). जागेपणी दर दोन तासांनी एक ओळ. लिहिणारा हात थरथरतो आणि अक्षर बारीक होत जातं, तेव्हा हे काम सुनेनं, नातवानं किंवा जो घरी असेल त्यानं करावं. जेवणाची वेळही टाका, तिचा उपयोग पुढं येतो. आठ दिवस भरले की वही वाचायला बसा.

गोळीच्या वेळेआधी अर्धा-एक तास दुखणं वाढतं आणि गोळीनंतर पाऊण तासात उतरतं, असं दिसलं तर ते औषधाचा अंमल उतरल्याचं दुखणं आहे. यावर बाम चोळून फारसं हाती लागत नाही. दोन डोसांमधलं अंतर कमी करायचं की औषध बदलायचं, हे डॉक्टर वही बघून ठरवू शकतात. दुखणं गोळी पुरती चढल्यावर येत असेल आणि त्याच वेळी हातपाय, मान आपोआप वळवळत असतील, तर उलट औषध त्या क्षणी जास्त होतंय. अशा वेळी "दुखतंय म्हणून अजून अर्धी घ्या" हे घरच्यांचं डॉक्टरपण महागात पडतं.

दुखण्याला घड्याळाशी देणंघेणं नसेल, ठराविक हालचालीलाच कळ येत असेल, तर बिघाड बहुधा सांध्यातच आहे: झिजलेला गुडघा, आखडलेला खांदा. तिथं व्यायाम आणि शेक चालतो. कमरेतून निघून गुडघ्याच्या खालपर्यंत चमक जात असेल, मुंग्या असतील, तर शीर दबल्याची शंका घ्यावी. राहिली ती विचित्र जळजळ, जी नेमकी कुठं आहे ते सांगता येत नाही. ती कधी कंपवाताचीच असते, कधी साखरेची, तर कधी बी-12 कमी पडल्याची. लेवोडोपा बरीच वर्षं चालू असलेल्यांत बी-12 कमी सापडतं, आणि माळकरी घरात, जिथं अंडंही शिजत नाही, तिथं ही तपासणी करून घ्यावीच. ड जीवनसत्त्वही बघा. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, पण कंपवाताचा माणूस दिवसभर माळवदाखाली आत बसून असतो.

गोळी घ्यायची रीत

अनेकांचं दुखणं एवढ्यावरच हलकं होतं, म्हणून जरा सविस्तर.

लेवोडोपा आतड्यातून रक्तात शिरते त्याच वाटेनं जेवणातली प्रथिनं शिरतात. दोघं एकाच वेळी आले की गोळी मागं पडते. म्हणून गोळी जेवणाच्या किमान अर्धा तास आधी, किंवा जेवणानंतर तास-दीड तासानं, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. दुधासोबत घेऊ नये. मळमळत असेल तर सोबत भाकरीचा कोर किंवा एखादं साधं बिस्किट चालतं. पिठलं, वरण, मटकी, शेंगदाण्याची चटणी, दही हे सगळं प्रथिनांचं आहे. दुपारच्या पिठल्यानंतर तीन वाजता अंग लाकडासारखं होत असेल, तर वहीत ते दिसेल. मग दुपारी भाकरी-पालेभाजी आणि वरणाचा मोठा वाटा रात्री, असा फेर करून बघता येतो. प्रथिनं बंद मात्र करायची नाहीत. स्नायू आधीच झडत असतात. एकादशीलाही हेच लक्षात ठेवा, साबुदाण्याच्या खिचडीतला कूट प्रथिनांचाच असतो. उपास असला तरी गोळीला सुटी नाही.

लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेवोडोपात दोन तासांचं अंतर ठेवा. पोट साफ होत नसेल तर तेही दुरुस्त करा: पाणी, भाज्या, लागेल तसा इसबगोल. तुंबलेल्या पोटात गोळी उशिरा लागू पडते आणि पोटदुखी वेगळीच.

पाकिटावरचा आकडा वाचायची सवय लावा. 110 लिहिलेल्या गोळीत लेवोडोपा 100 आणि तिच्या जोडीचं औषध कार्बिडोपा 10 मिलिग्रॅम असतं. 125 वाल्या साध्या गोळीत लेवोडोपा 100 आणि कार्बिडोपा 25. लेवोडोपा दोन्हींत तेवढीच, पण एकीच्या जागी दुसरी दिली गेली तर मळमळ वाढू शकते किंवा अंमल बदलू शकतो. दुकानदार "तीच आहे हो" म्हणाला तरी चिठ्ठीशी ताडून बघा. पाकिटावर सीआर लिहिलेली गोळी सावकाश विरघळणारी असते. ती चावायची किंवा कुटून द्यायची नाही.

आणि गोळ्या संपल्या म्हणून, बाजाराच्या दिवशी आणू म्हणून, एकदम बंद करायच्या नाहीत. अचानक तोडल्यावर अंग ताठ होऊन जोराचा ताप चढू शकतो, आणि तो जिवावर बेततो. किमान पंधरा दिवसांचा साठा घरात असावा. दुसऱ्या कारणानं दवाखान्यात भरती केलं तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून खाटेला लावा. वॉर्डातल्या औषधाच्या वेळा सगळ्यांसाठी सारख्या असतात, कंपवाताच्या माणसाला तास इकडचा तिकडं झालेला सोसत नाही.

पहाटेचा पाय

पहाटे उठताना एका पायाची बोटं खाली वळतात किंवा अंगठा वर ताठ होतो, पाऊल आत फिरतं, पोटरी दगड होते आणि टाच टेकवता येत नाही. लोक याला वांब किंवा गोळा म्हणतात आणि मीठ-पाणी, केळी सुरू करतात. साधा गोळा दोन-चार मिनिटांत सुटतो. हा अर्धा तास, तासभर टिकतो, रोज साधारण त्याच वेळी येतो आणि सकाळची पहिली गोळी चढली की सुटतो. रात्रभरात औषधाचा अंमल संपलेला असतो, त्याचं हे लक्षण.

रात्रीच उशाशी गोळी आणि झाकणाची पाण्याची बाटली ठेवा. उठायच्या तासभर आधी गजर लावा. गोळी बसून घ्या, आडवं होऊन नको, ठसका लागतो. मग पुन्हा अंग टाका. पाय सुटेपर्यंत बाजेवरून उतरायची घाई करू नका, कारण वाकड्या पावलावर भार देऊनच माणसं पडतात. एवढ्यानं भागलं नाही तर रात्री झोपताना सावकाश विरघळणारी गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. हट्टी दुखण्याला त्या ठराविक स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन हाही चांगला मार्ग आहे. मात्र ते मेंदूविकारतज्ज्ञाकडूनच घ्यायचं.

पाय वळलेला असताना झटका देऊन सरळ करू नये. पोटरीला कोमट शेक द्या, मग बसून चवड्याखाली उपरणं घाला, दोन्ही टोकं हातात धरा आणि हळूहळू आपल्याकडं ओढा. 30 सेकंद धरा, सोडा, तीन-चारदा करा. बोटं सरळ होत आली की खुर्चीवर बसून तळपाय लाटण्यावर दोन मिनिटं मागं-पुढं फिरवा.

आखडलेला खांदा

कंपवाताची सुरुवात कधीकधी खांद्यातूनच होते. हात थरथरायच्या कितीतरी आधी एक खांदा आखडतो, सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही, बायकांना वेणी घालता येत नाही, आणि महिनोन्‌महिने खांद्याचेच उपचार चालतात. चालताना त्या बाजूचा हात हलत नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवलेलं बरं. साखरेच्या रोग्यांचाही खांदा असाच आखडतो, म्हणून ती तपासणीही करा.

व्यायाम कंपवाताची गोळी घेतल्यानंतर पाऊण तास ते तासाभरानं, अंग मोकळं असताना करायचा. सकाळी उठल्याबरोबर, गोळीच्या आधी, "तोंड धुण्याआधी व्यायाम" या शिस्तीनं केलेला व्यायाम दुखणं वाढवतो.

पहिला काठीचा. सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवा. वेळूची तीन फुटी काठी दोन्ही हातांत खांद्याएवढ्या अंतरानं धरा. चांगला हात दुखऱ्या हाताला नेईल असं काठी डोक्याच्या मागं न्या. ताण जाणवला पण कळ आली नाही अशा जागी 10 पर्यंत मोजा, परत आणा. 10 वेळा. दुसरा भिंतीचा. भिंतीकडं तोंड करून उभं राहा आणि बोटांनी भिंत चढत जा. जिथं थांबाल तिथं कोळशानं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठवड्याला एक रेघ पुरे. रंगवलेली भिंत खराब होते खरी, पण रेघ बोटभर वर सरकलेली दिसली की कंटाळलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून उठतो. व्यायामानंतर दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, पण बंद करू नका.

मान, पाठ, कंबर

पुढं वाकून चालल्यानं डोक्याचा भार मानेवर आणि पाठीच्या खालच्या भागावर पडतो. संध्याकाळपर्यंत कंबर धरते. पट्टा बांधून थोडं बरं वाटतं, पण दिवसभर बांधून ठेवला तर पाठीचे स्नायू आणखी ढिले होतात. प्रवासापुरता ठीक.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे सपाट झोपणं. दिवसातून दोनदा, 10 मिनिटं, कडक गादीवर किंवा सतरंजीवर उताणं. डोकं जमिनीला टेकत नसेल तर जबरदस्ती नको: टॉवेलची घडी करून डोक्याखाली घ्या. दर आठ-पंधरा दिवसांनी एक घडी कमी करता येते का बघा. झोळ पडलेल्या बाजेवर यातलं काही होत नाही. विणलेली बाज झोपायला मऊ लागते, पण तिच्यात कंबर खाली जाते आणि कूस बदलताना माणूस खड्ड्यात अडकतो. पलंग नसेल तर बाजेवर फळी टाका.

दुसरं, चौकट. दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही कोपर खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवा, एक पाय पुढं टाका, छाती पुढं झुकवा. 20 ते 30 सेकंद, तीन वेळा. उंबऱ्याला पाय अडखळणार नाही याची काळजी घ्या. जुन्या घरांचे उंबरे उंच असतात, तेव्हा उंबरा नसलेलं दार निवडा किंवा खोलीच्या कोपऱ्यात करा. तिसरं, उताणं झोपून गुडघे जुळवून दोन्ही एकदम डावीकडं, मग उजवीकडं पाडा. प्रत्येक बाजूला 10. पोटरीसाठी भिंतीला दोन्ही हात टेकवून एक पाय मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. 30 सेकंद, दोन्ही पायांना तीन-तीनदा. शेवटी हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, 5 पासून सुरू करून 10 पर्यंत. खुर्ची भिंतीला टेकलेली, हाताची आणि गुडघ्याएवढ्या उंचीची असावी. प्लॅस्टिकच्या पातळ खुर्च्या घसरतात.

हे सगळं करताना हालचाल मोठी करा. कंपवातात माणसाला आपण हात पूर्ण उचललाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो निम्माच उचललेला असतो. समोर आरसा ठेवा किंवा कुणीतरी मोठ्यानं आकडे मोजा. मोजणाऱ्याच्या ठेक्यावर पावलंही लांब पडतात. ठेका धरून टाळ्या वाजवल्या तरी चालतं, भजनी मंडळातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही.

मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास गुडघ्यांना आणि कमरेला जड जातात. कमोडची लोखंडी खुर्ची संडासावर ठेवता येते. न्हाणीत पाटाऐवजी रबरी पायांचं स्टूल ठेवा. भिंतीला दांडी लावताना ती विटेत पक्की बसली आहे का ते स्वतः लोंबकळून बघा.

रात्री कूस बदलताना

रात्रीचं बरंचसं दुखणं एकाच कुशीवर पडून राहिल्याचं असतं. थंडीत वरून दोन वाकळा असल्या की त्यांच्या वजनाखाली हलताच येत नाही. एकच हलकं, उबदार पांघरूण द्या. खांद्यापासून मांडीपर्यंतच्या भागात अंथरुणावर गुळगुळीत कापड ताणून घाला, जुनं सॅटिनचं किंवा नायलॉनचं लुगडंही चालतं. पायांच्या भागात साधी सुती चादरच राहू द्या, कारण कूस बदलताना टाच रोवायला खरखरीतपणा लागतो.

वळताना आधी गुडघे वाकवायचे, पावलं टेकवायची. ज्या बाजूला वळायचं तिकडं मान फिरवायची. विरुद्ध बाजूचा हात छातीवरून त्या बाजूला न्यायचा आणि गुडघे पाडायचे, बाकीचं अंग मागून येतं. उठताना कुशीवर व्हायचं, पाय कडेवरून खाली सोडायचे, कोपरानं रेटा द्यायचा. बसल्यावर मिनिटभर थांबायचं, कारण एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढं अंधारी येते. घरच्यांनी हात धरून ओढू नये. ओढल्यानं आखडलेला खांदा दुखावतो आणि ओढणाऱ्याची कंबरही जाते.

शेक, मालिश आणि गावातले इलाज

शेक 15 ते 20 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळा. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडीही छान काम करते, पण ती आधी शेकणाऱ्यानं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावी. साखर असलेल्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. चुलीत तापवलेली वीट नकोच. सूज आणि लाली असलेल्या सांध्याला शेक देऊ नये, तिथं गार पट्टी.

मालिशीला करडईचं, तिळाचं, जे घरात असेल ते तेल. त्यात औषधी गुण शोधण्यापेक्षा हात कसा चालतो ते बघा: हलका, सावकाश, पायाकडून वर, 10 ते 15 मिनिटं. निरगुडीच्या पाल्याचा शेक बऱ्याच घरांत असतो, तो कोमट असेल तर हरकत नाही. मालिश झाली की तळपाय कोरड्या फडक्यानं पुसा. शहाबादी फरशीवर तेलाचा पाय घसरला की खुब्याचं हाड मोडून माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

पाठीवर पोरं उभी करून पाय तुडवून घेणं, कंबर "बसवून" घेणं, मान कडाकड मोडणं बंद. कंपवाताच्या माणसाची हाडं बहुधा ठिसूळ झालेली असतात, मणका दबायला फार जोर लागत नाही. बिब्बा लावला तर कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. डाग देणं त्याहून वाईट. खाजकुइरीच्या बिया, म्हणजे कौंचबीज, हे वेगळं प्रकरण आहे: त्यात खरोखरच लेवोडोपा असते. म्हणूनच गोळ्या चालू असताना वरून ते चूर्ण घेतलं तर डोस किती झाला याचा हिशेब कुणाकडंच राहत नाही. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड कालवलेलं असू शकतं. दोन दिवसांत जादू झाली की समजून घ्या.

दुखायच्या गोळ्या

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पहिली. 500 मिलिग्रॅमची एक, किमान सहा तासांच्या अंतरानं. गरजेला दोन एकदम घेता येतात, पण म्हाताऱ्या माणसात 24 तासांत 3 ग्रॅमच्या, म्हणजे 500 च्या सहा गोळ्यांच्या, वर जायचं नाही. यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या आणि दुखण्याच्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. ते या हिशेबात धरा.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी सांध्याची सूज उतरते, पण पोटात व्रण, किडनीवर भार आणि रक्तदाब हे मागून येतं. उन्हाळ्यात, अंगातलं पाणी कमी असताना किडनीचा धोका वाढतो. चार-पाच दिवसांपलीकडं स्वतःच्या मनानं नको. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते आणि माणूस रात्री संडासला जाताना पडतो. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन या कंपवाताच्या गोळ्या चालू असतील तर ट्रामाडॉल ही दुखायची गोळी अजिबात चालत नाही. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही टाळायचं.

याहून मोठा खड्डा वेगळ्याच ठिकाणी आहे. मळमळ, पित्त, चक्कर यांसाठी सर्रास दिली जाणारी काही औषधं मेंदूतल्या डोपामिनचंच काम अडवतात: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, पित्ताच्या कॅप्सूलमध्ये जोडून येणारं लेव्होसल्पिराइड, चक्करेसाठीचं सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन. उलटी झाली म्हणून एक इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून अंग लाकूड झालं, त्याचं कारण हे. ही नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, चष्म्याच्या डबीत ठेवा आणि प्रत्येक दवाखान्यात सुई लावण्याआधी दाखवा.

ऋतूप्रमाणे

परभणी-नांदेडकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत अंघोळ दुपारी, गोळी चढल्यावर करा आणि व्यायामाआधी शेक घ्या. मे महिन्यात 42-43 अंशांत पाणी कमी पडून गोळे येतात, रक्तदाब उतरतो. ट्रायहेक्सीफेनिडिल ही कंपवाताची गोळी घेणाऱ्यांना घाम कमी येतो, त्यामुळं ऊन लवकर बाधतं. अकरा ते चार बाहेर पडू नये. पाण्याचा तांब्या समोर ठेवा आणि दिवसभरात तो किती वेळा भरला ते वहीत लिहा, कारण या आजारात तहानेची आठवण राहत नाही. एसटीच्या लांब प्रवासात दोन डोस आणि पाणी पिशवीत न ठेवता खिशात ठेवा. गाडी थांबली की उतरून दहा पावलं चाला.

थांबायचं नाही असं दुखणं

डावा खांदा किंवा जबडा दुखतोय आणि घाम, धाप आहे: हृदय समजून लगेच 108. पडल्यानंतर जांघ दुखते, पाय बाहेर वळलाय किंवा आखूड दिसतोय: उभं करू नका, खुबा मोडलेला असू शकतो. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होतेय, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली: त्याच दिवशी मोठा दवाखाना. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते: रक्ताची गुठळी असू शकते, ती पोटरी चोळायची नाही. दोन्ही घोट्यांना सूज असेल तर अमँटॅडिन किंवा प्रामिपेक्सॉल या कंपवाताच्या गोळ्यांमुळेही असते, पण हृदय-किडनी तपासूनच तसं म्हणावं. एखादा सांधा लाल, गरम आणि सोबत ताप: थांबू नये.

डॉक्टरांसमोर पाच मिनिटं

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, कुठंही गेलात तरी ओपीडीत वेळ थोडा असतो. "सगळं अंग दुखतं" एवढं सांगितलं की वेदनाशामक लिहून मिळतं. त्याऐवजी असं सांगा: "पहाटे पाचला डावं पाऊल आत वळतं, सहाची गोळी घेतली की पावणेसातला सुटतं, दुपारी बारानंतर उजवा खांदा धरतो." वहीचं एक पान आणि पाय वळलेला असताना मोबाइलवर काढलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत सोबत न्या, कारण तपासणीच्या वेळी नेमका पाय सरळ असतो. सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णासकट. डोस वाढवायचा की विभागायचा, फिजिओथेरपी कुठं मिळेल, हाडांची तपासणी करायची का, हे तीन प्रश्न लिहून नेले तर राहून जात नाहीत. दर वेळी जाणं जमत नसेल तर मधल्या विचारपूशीसाठी सरकारची ई-संजीवनी ही मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलायची मोफत सेवा आहे.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये कंपवाताचा समावेश आहे. त्रास वाढलेला असेल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाची तपासणी करून प्रमाणपत्र मागता येतं. त्या दिवशी त्रास जास्त दिसावा म्हणून गोळी चुकवून जाऊ नका. बिनगोळीचे तपासणीच्या रांगेतले चार तास फार जड जातात. गोळीसोबत आणि गोळीशिवाय काय होतं ते वहीत लिहिलेलं आहेच, तेच पुढं करा.